इंजिन आणि पेट्रोलच्या मधली मी

मित्रांनो, मी मालगाडीची एक जुनी वाघीण आहे आणि रिकामं राहणं हेच माझं काम आहे. हसू नका. माझ्यापुढे ठिणग्या उडवणारं इंजिन, मागे पेट्रोलच्या टाक्या. दोघांची गाठ पडू नये म्हणून मध्ये मला जोडतात. मला घडवलं ते भाताची पोती वाहायला. पत्रा जुना झाला तेव्हा हे काम मिळालं. साहेब म्हणतात, फुकट फिरते. म्हणू देत. माझ्याशिवाय एकदा जाऊन दाखवा म्हणावं.

रिकामी जागा दिसली की माणसाची नियत फिरते. म्हणून माझा कुणावर भरवसा नाही. दार थोपटून गोड बोलणाऱ्यावर तर मुळीच नाही.

थायलंडच्या ईशान्येला, इसानातल्या जंक्शनवर डबे जोडणारा बुनमा एकदा सकाळपासून माझ्याभोवती घुटमळत होता, तेव्हाच मी ओळखलं. पावसाच्या तोंडावर बांबूचे अग्निबाण उडवायचे दिवस होते ते. बाण उंच गेला की पाऊस येतो, भात पिकतो, असं इथे सगळेच मानतात. बुनमाने आणि त्याच्या मेहुण्यांनी गावचा बाण गोणपाटात गुंडाळून माझ्या पोटात सरकवला. पुढच्या स्टेशनावर उतरवू, कोणाला कळतंय, म्हणाले. मला कळत होतं. बाण स्फोटक दारूने ठासलेला होता आणि मला तोंड नव्हतं.

गार्ड खामफान मात्र माझ्याच वळणाचा. स्वतःच्या चपलाही दोनदा झटकून घालणारा. माझ्याखाली वाकून बघताना त्याला रुळावर काळी पूड दिसली.

"बुनमा, आत काय आहे?"

"काही नाही काका. मांडवाचे बांबू."

"मांडवाच्या बांबूतून काळी पूड गळते?"

बुनमाने हात जोडले. "गाव वाट बघतंय हो. बाण पोचला नाही तर पाऊस रुसेल."

"आणि वाटेत पेटला तर पाऊस पडायचा कोणाच्या शेतावर?"

खामफान हिरवं निशाण काखेत दाबून माझ्या पायरीवर बसला. स्टेशनमास्तर करवादला, ड्रायव्हर खिडकीतून टोमणे मारत राहिला. शेवटी मेहुण्यांनी बाण उतरवून बैलगाडीत घातला. जाताना म्हणाले, म्हातारा बायकोच्या चुलीलाही भितो.

उत्सवात तो बाण वर गेलाच नाही. उडवायच्या मचाणावरच फुटला. लोक लांब होते म्हणून वाचले. ज्याचा बाण फसतो त्याला इथे चिखलात लोळवतात. पुढच्या खेपेला बुनमा आला तेव्हा त्याच्या कानात चिखल होता. सगळे हसले, खामफान हसला नाही.

बुनमाने न सांगता माझं दार उघडलं, आत चढून कोपरान् कोपरा हाताने चाचपला. "रिकामी आहे, काका."

मित्रांनो, माझ्यावर माया असेल तर मला रंग देऊ नका, हार घालू नका. फक्त माझ्यात काही ठेवू नका. आणि कोणी रिकामी आहे म्हणालं तर खामफान त्या दिवशी जे म्हणाला तेच म्हणा.

"परत बघ."