चुन्यातून उरलेली तीन अक्षरं

खडेबाजारातले मारुतीराव मास्तर पेन्शनीत निघाल्यापासून एकच शेती करत होते, इंग्रजी शब्दांची. कुणीही तीन-चार अक्षरं सांगावीत, ती ज्यात बसतात असे पंधरा-वीस शब्द मास्तरांनी चहा निवायच्या आत काढून द्यावेत. त्यांच्या डिक्शनरीला वाळवी लागली तीही फक्त एक्सच्या पानाला. बाकीच्या पानांवर मास्तरांचं बोट सदा फिरतं, बिचारीला तिथं बसायला जागाच मिळेना. गुंडू कापडवाला तर शपथेवर सांगायचा की मास्तर घोरतात तेसुद्धा ए पासून झेडपर्यंत, ओळीनं. पण नियमाला माणूस कडक. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर स्वतःचाच शब्द खोडून टाकणारा.

लढाई इटलीत पोचली होती त्या साली, एका शनिवारी, बाजाराच्या गाडीतून उतरून काकतीची गुणाबाई त्यांच्या जोत्यावर येऊन टेकली. पोट चांगलंच दिसत होतं. नवरा परशराम पलटणीत. रजा संपवून गेला त्याला सात महिने झाले होते. तिनं पदराची गाठ सोडून एक तार पुढं केली. सासऱ्यानं, भरमाप्पानं, ती पान-तंबाखूच्या चंचीत ठेवलेली आणि चुन्याच्या डबीचं झाकण निघालेलं. कागद पांढराफटक. वर परशरामचं नाव तेवढं धड होतं, आणि खाली चुन्यातून वाचलेली तीन अक्षरं. डी, ई, डी.

पोस्टात, पलटणीच्या हापिसात विचारलं का, असं मास्तरांनी विचारलं. मामंजी जाऊन आले, ती म्हणाली, उत्तर यायला दोन महिने लागतील म्हणे. तोवर घरात जाऊ होती, अंबुबाई. तार आली म्हणजे बांगड्या फुटल्याच, उगा मिरवू नको, असं ती उठता-बसता ऐकवत होती.

"तुमी अक्षरावरनं शबुद काढता म्हनं," गुणाबाई म्हणाली. "मला एक द्या. तिच्या तोंडावर टाकाय."

मास्तरांनी कागद उजेडाकडं धरला. पहिल्या डी आणि ई यांच्यामध्ये जागा होती एकाच अक्षराची, तीही बारीक अंगाच्या. पुढचे ई-डी एकमेकांना चिकटून. हा शब्द काढायला डिक्शनरी लागत नव्हती. पण ज्या माणसानं जन्मात जागा मोजल्याशिवाय शब्द बसवला नव्हता, त्यानं त्या दिवशी ती जागा अंगठ्याखाली झाकली.

"डिलेड," ते म्हणाले. "म्हणजे उशीर झालाय. असं असू शकतं."

शब्द घोकत ती गेली. पण अंबुबाईच्या घरात कुठलाही शब्द आठवड्यापेक्षा जास्त टिकत नसे. पुढच्या शनिवारी मास्तरांनी 'डिटेन्ड' दिला, कामासाठी थांबवून ठेवलंय. त्याच्या पुढच्या शनिवारी 'डेकोरेटेड', छातीवर बिल्ला लावलाय.

"आदी उशीर झाला, मग थांबवलं, आता बिल्ला," गुणाबाई हसली. "एका जागी बसायचं त्यास्नी ठावंच न्हाय बगा."

तिच्याबरोबर मास्तरही हसले. ती गेल्यावर मात्र त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. 'डिस्चार्ज्ड' हा शब्द हाताशी होता, नोकरीतून मोकळा करून घरी पाठवलाय. पण त्याला ते शिवले नाहीत. तो दिला असता तर ती रोज वेशीपर्यंत वाट बघत गेली असती.

चौथ्या शनिवारी गाडीतून एकटा भरमाप्पा उतरला. सुनेला आता गाडीचे हिसके सोसत नाहीत, शब्द घेऊन या म्हणून तिनंच पाठवलंय, असं सांगून तो जोत्यावर बसला. चंची काढली, उघडली, तशीच मिटली.

"मास्तर, तुमास्नी खरा शबुद म्हाईत हाय न्हवं?"

मास्तरांनी हळूच मान हलवली.

"मलाबी हाय. तारवाल्यानं मळ्यातच वाचून दावली. चुना मीच फासला. ही तीन अक्षरं तेवढी ऱ्हायली, म्हातारा हात, काय करनार." तो खाली बघत राहिला. "हापिसात बी कुटं गेलो न्हाय. पैलं लेकरू तिचं असंच कसल्याशा धसक्यानं गेलतं. हे तरी जगावं. पोराचं तेवढंच ऱ्हाईल."

मास्तरांनी डिक्शनरी पुढं ओढली. किती आठवडे, त्यांनी विचारलं. पाच तरी, भरमाप्पा म्हणाला. मास्तरांच्या वहीत देण्याजोगे दोनच उरले होते.

मग दोघं म्हातारे पानं उलटत बसले. मास्तर शब्द वाचायचे, अर्थ सांगायचे, आणि इंग्रजीतलं ओ की ठो न कळणारा भरमाप्पा मान हलवायचा. ह्यो नको, भ्याईल. ह्यो नको, आशा लई लागंल. 'वुंडेड' आला तेव्हा त्यानं पानावर हात ठेवला. जखमी, पण जखम हलकी, असा तो शेवटच्या आठवड्याला ठेवायचं ठरलं, म्हणजे मन थोडं तयार होईल.

त्या शनिवारपासून पाच शनिवारांना पाच शब्द गेले. चुन्याच्या कागदाला न पेलणाऱ्या लांबीचे शब्दही मास्तरांनी त्या एवढ्याशा जागेत कोंबले.

त्याच्या पुढच्या शनिवारी भरमाप्पा आला तो शब्द मागायला नव्हे. मुलगा झाला होता, बुधवारी. बाळ-बाळंतीण धड होती. सांगताना त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

"माझ्या तोंडनं निघत न्हाय," तो म्हणाला. "तुमी चला."

मास्तरांनी कोट चढवला आणि गाडीत बसले. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीची धग होती. त्यांना दारात बघून गुणाबाईनं पदर सावरला, लेकराचं तोंड उजेडाकडं केलं आणि आज कुठला आणलाय म्हणून विचारलं.

मास्तर उंबऱ्यावरच बसले. शब्द त्यांनी मराठीत सांगितला.