मुंगी पाणी पीत नाही

मुलं घरी गेली होती आणि बालवर्गाच्या बाई खिडकीतल्या कुंड्यांकडे बघत उभ्या होत्या. रोपं पिवळी पडत चालली होती. एकाचं खोड बोट लावताच मऊ लागलं. पाणी कमी पडलं म्हणावं, तर मातीचा चिखल झालेला. कुठं चुकतंय हे त्यांच्या लक्षात येईना. तेवढ्यात फोन वाजला.

मुंगीच्या आईचा फोन होता. मुंगी हे वर्गातल्या सगळ्यांत लहान चणीच्या मुलीचं घरचं नाव. हातात पडलेली गोळी लगेच न खाता खिशात साठवायची तिची सवय, म्हणून आजोबांनी ते ठेवलं आणि शाळेतही तेच चिकटलं. कालपासून ती शाळेत आली नव्हती. आईने पाल्हाळ लावलं नाही. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झालाय, अंगात ताप आहे, पोटात भरपूर पाणी जायला हवं आणि पोरगी तोंड उघडत नाही, एवढंच तिने सांगितलं. विचारलं की म्हणते, बाईंनी पाणी वाचवायला सांगितलंय.

"तुम्ही शिकवलंत, आता तुम्हीच निस्तरा," आई म्हणाली आणि तिने दवाखान्याचा पत्ता दिला.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कारण कुंड्यांचं कोडं त्याच क्षणी सुटलं होतं.

झालं होतं असं. बाईंनी वर्गात पाण्याचा धडा घेतला होता आणि तो मन लावून घेतला होता. भिंतीवर एक मोठं चित्र लावलं होतं: भेगा पडलेल्या जमिनीवर रिकामा डबा घेऊन उभी असलेली एक मुलगी. आपण पाणी वाचवलं की ते हिला मिळतं, असं त्यांनी सांगितलं. लहान मुलांना एवढं सोपं करून सांगावंच लागतं. शाळा सुटताना मुलं बाटलीत उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतून टाकायची. ते थांबावं म्हणून त्यांनी नियम केला की उरलेलं पाणी कुंडीत घालायचं, आणि जो घालेल त्याच्या नावापुढे तक्त्यावर कागदाचा एक निळा थेंब चिकटवायचा.

मुलांनी नियमाचा सरळ अर्थ लावला. थेंब हवा तर पाणी उरलं पाहिजे, आणि उरायला हवं तर प्यायचंच कशाला? मुंगीच्या नावापुढे सगळ्यांत जास्त थेंब होते. पालकसभेत बाईंनी तिचं कौतुकही केलं होतं.

दवाखाना औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. आतल्या खोलीत रेक्झिनच्या पलंगावर मुंगी भिंतीला टेकून बसली होती. गाल लाल, ओठ कोरडे, आणि ते घट्ट मिटलेले. शेजारच्या स्टुलावर पेला, वाटी, चमचा, स्ट्रॉ आणि भातुकलीतला एवढासा कप अशी सगळी आयुधं मांडली होती. एकही कामी आलं नव्हतं. जवळ उभ्या असलेल्या आईच्या ओढणीची दोन्ही टोकं भिजलेली होती, त्यावरून जबरदस्तीचाही प्रयोग होऊन गेलेला दिसत होता.

आजोबा कोपऱ्यात बसले होते. "या, बाई," ते म्हणाले. "आमच्या नातीने डॉक्टरांनाही पाणी पाजलं. स्वतः मात्र थेंब घेत नाही."

"बाबा, गप्प बसा हो," आई म्हणाली. मग बाईंकडे न बघता तिने पुढे ऐकवलं, "पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, तसंही नाही हे. घडा सरळ आहे. फक्त बाईंनी झाकण लावून ठेवलंय."

बाईंनी ते ऐकून घेतलं.

डॉक्टरांनी त्यांना दाराशी बोलावून परिस्थिती समजावली. औषध दिलं होतं, पण नुसत्या औषधाने भागणार नव्हतं. सकाळपासून मुलीला लघवी झाली नव्हती. दवाखाना बंद व्हायच्या आत झाली तर तिला घरी जाता येईल. नाही झाली, तर मोठ्या रुग्णालयात पाठवून सलाईन लावावं लागेल. सुई टोचताना ही मुलगी किती आकांत करेल, हे आई आणि बाई दोघींनाही सांगायची गरज नव्हती.

बाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. मुंगीने त्यांच्याकडे अपराध्यासारखं पाहिलं.

"बाई, आजचा माझा थेंब राहिला," ती म्हणाली.

थेंबाचं राहू दे, असं म्हणत बाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. मग त्यांनी सोपी वाट धरली. चित्रातल्या त्या मुलीला आता भरपूर पाणी मिळालंय, तिचा डबा काठोकाठ भरलाय, तेव्हा तू खुशाल पी, असं त्यांनी सांगून टाकलं. मुंगीने क्षणभर विचार केला.

"मग उद्या ती काय पिणार?"

आजोबांना खोकला आला. तो खोकला नव्हता.

बाईंच्या लक्षात आलं की एक थाप निस्तरायला दुसरी थाप चालणार नाही. त्यांनी आवाज खाली आणला आणि जसं होतं तसं सांगितलं. तू प्यायली नाहीस म्हणून तुझं पाणी तिच्याकडे जात नाही. मी ते चुकीचं सांगितलं. नळ उघडा टाकून जे वाहून जातं ते वाया जातं. पोटात जातं ते वाया जात नाही, ते कामाला लागतं. पाणी वाचवायचं ते सगळ्यांना पोटभर पिता यावं म्हणूनच.

मुंगीने सगळं नीट ऐकलं. वर्गातही ती असंच ऐकायची, डोळे न हलवता. बाईंना वाटलं, आता जमलं. त्यांनी पेला उचलला.

"मग तुम्ही का नाही पीत?" मुंगीने विचारलं.

"मी पिते की."

"नाही पीत. तुमच्या टेबलावरची बाटली घरी जाताना भरलेली असते. रोज. मी बघते."

बाईंच्या हातातला पेला तसाच राहिला.

खरं होतं ते. सकाळी घरातून निघाल्यापासून परत जाईपर्यंत बाई पाणी प्यायच्या नाहीत. प्यायलं की जावं लागतं, आणि जायची जागा होती पार दुसऱ्या टोकाला, शिक्षकांच्या खोलीमागे. दाराची कडी तुटलेली. तोवर वर्गात ही चिल्लीपिल्ली एकमेकांच्या डोक्यावर चढलेली असायची. नोकरीला लागल्या तेव्हाच जुन्या शिक्षिकांनी हसत हसत सांगितलं होतं की आपण उंटाच्या जातीच्या. त्याही हसल्या होत्या. संध्याकाळी डोकं दुखायचं, त्याला त्या मुलांचा गोंगाट म्हणायच्या. यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नव्हतं, आणि एवढ्याशा पोरीने ते पहिल्या बाकावरून पाहून उचललं होतं. धडा भिंतीवर राहिला होता.

बाईंनी हे सगळं मुंगीला सांगितलं नाही. बाथरूम लांब आहे आणि वर्ग सोडून जाता येत नाही, एवढंच म्हणाल्या.

"आमच्याकडेही तेच," मुंगीची आई एकदम म्हणाली. ती शर्ट शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची. "उठलं की मागे कपड्यांचा ढीग. कोण उठतंय." आणि मग तिलाच आपलं बोलणं ऐकू आल्यासारखी ती थांबली.

बाईंनी पेला तोंडाला लावला आणि रिकामा केला. मुंगी बघत होती. त्यांनी दुसरा पेला भरून आईपुढे धरला. आईने तो मुकाट्याने घेतला.

"तोंड उघडून दाखव," मुंगीने आईला हुकूम सोडला. आईने तोंड उघडून दाखवलं. आजोबांनाही सूट मिळाली नाही. त्यांनी चहाची मागणी करून पाहिली, ती नामंजूर झाली.

मग मुंगीने भातुकलीचा कप उचलला आणि बाईंपुढे धरला. तो भरला. तिने तो प्यायला, चेहरा वाकडा करून. पुन्हा धरला. तिच्या प्रत्येक कपामागे मोठ्यांनी एक घोट घ्यायचा, असा तिने नियम केला आणि नियम मोडू नये म्हणून आळीपाळीने तिघांच्या तोंडाकडे पाहत राहिली. अधूनमधून डॉक्टर पडदा सरकवून बघून जात. तांब्या संपला तेव्हा दुसरा आणला.

त्यानंतर करण्यासारखं काहीच नव्हतं. वाट बघायची, एवढंच. आईने मुंगीला मांडीवर घेतलं. बाईंनी मुख्याध्यापिकांना निरोप पाठवला: सकाळी आणि दुपारी सगळ्या वर्गांनी एकदम पाणी प्यायची वेळ ठेवू या, तेव्हा माझ्या वर्गात दहा मिनिटं कोणीतरी उभं राहायला हवं, आणि त्या दाराला कडी लावून घ्या. निळ्या थेंबांचा तक्ता मी उद्या काढतेय. मुख्याध्यापिकांचं उत्तर आलं की पहिल्या दिवशी मी स्वतः येऊन उभी राहीन, आणि कडीबद्दल आजवर कोणी बोललं कसं नाही, माझेही हाल होतातच की.

खाली औषधांच्या दुकानदाराने अर्धं शटर ओढलं. त्या आवाजाने आईने मान वर केली. डॉक्टर बाहेर फोनवर कोणाला तरी पत्ता सांगत होत्या.

मुंगीने मांडीवर चुळबुळ केली. मग पाय आवळले.

"आई, शू."

कोणी बक्षीस पुकारल्यासारखे आजोबा उभे राहिले. आईने तिला उचललं आणि ती धावली. दाराशी पोचताच मुंगीने बाईच हव्यात म्हणून हट्ट धरला. तेव्हा बाई गेल्या, तिला बसवलं आणि तिच्या सांगण्यावरून दार लोटून बाहेर उभ्या राहिल्या. बराच वेळ शांतता होती. मग एक बारीकसा, नंतर चांगला धीट आवाज आला. मुंगी कण्हली, थोडी रडलीही, कारण जळजळत होतं. पण आवाज थांबला नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "गाडी नको आता," आणि फोन ठेवला.

आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाई, पाणी सोडू?"

"सोड."

"सगळं?"

बाईंनी या वेळी घाईने उत्तर दिलं नाही. "स्वच्छ होईल तेवढं," त्या म्हणाल्या.

आत पाणी सुटलं आणि बंद झालं. मग नळ उघडल्याचा, हात चोळल्याचा आणि नळ बंद केल्याचा आवाज आला.

"बाई, मग त्या मुलीला पाणी कोण देणार?"

"मला नीट माहीत नाही," बाई म्हणाल्या. "उद्यापासून आपण सगळे मिळून शोधू. पण आता तू पटकन बाहेर ये, मुंगी. मीही तांब्याभर प्यायलेय."