खालून बघायचा चेहरा

शिकागोच्या १८९३ सालच्या त्या जागतिक जत्रेला लोक 'पांढरं शहर' म्हणायचे आणि संगमरवर बघायला माना मोडून घ्यायचे. मी त्यात वर्षभर हात घातलेला माणूस आहे, म्हणून सांगतो, तिथे संगमरवर नखाएवढाही नव्हता. लाकडालोखंडाचा सांगाडा, आणि त्यावर प्लास्टर, सरस आणि ताग. डोंगराएवढे महाल, आयुष्य एका उन्हाळ्याचं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आम्ही समुद्रापलीकडचे, लुक्का शहराच्या वर डोंगरातल्या कोरेल्या गावचे. आमच्याकडे शेतं थोडी, चेस्टनटची झाडं फार, आणि घरोघरी प्लास्टर. पुरुष साचे पाठीवर टाकून जगभर संत, पोपट आणि राजे विकत हिंडतात. बायका घरी बसून मूर्तींचे डोळे रंगवतात. माझ्या आईने सगळा जन्म तेच केलं.

माझी थोरली बहीण चेझीरा, माझी अक्का, आणि तिचा नवरा आदेल्मो शिकागोला आले, त्यांच्या मागोमाग मी आलो. आदेल्मोला मी तोंडावर दाजी म्हणायचो, अहो-जाहो करायचो. मनात काय म्हणायचो ते सांगत नाही. माणूस हुन्नरी होता. एका महालाच्या माथ्यावर हातात हार घेतलेल्या चाळीस पंखवाल्या बाया उभ्या करायच्या होत्या, आणि ज्या एका मातीच्या मूर्तीवरून त्या सगळ्या ओतायच्या, तिचं काम त्याच्याकडे होतं.

उद्घाटनाला पाच आठवडे राहिले असताना अक्काला ताप भरला. चौथ्या दिवशी तिने मला सांगितलं, "नेल्लो, त्यांना बोलावून आण." मी धावत गेलो. आदेल्मो परातीत हात बुडवून बसला होता.

"दाजी, चला. अक्का बरी नाही."

"आत्ताच कालवलंय रे. सोडलं तर दगड होईल. अर्धा तास थांब."

मी थांबलो. हे मला आजही गिळता येत नाही. मी त्याला हाताला धरून ओढायला हवं होतं. पण मीही प्लास्टरवालाच. कालवलेलं प्लास्टर टाकून उठायचं नसतं, हे आम्हाला चालता येण्याआधी शिकवतात. आम्ही घरी पोचलो तेव्हा शेजारणीने तिचे डोळे मिटले होते.

अक्काचा एकही फोटो नव्हता. निळा झगा शिवून होऊ दे, मग काढू, असं ती म्हणायची. झगा शिवून झाला आणि त्यातच तिला पुरलं.

आदेल्मो तिसऱ्या दिवशी कामावर गेला. मला राग आला आणि मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. एक मेला जत्रा उघडली. गर्दीबरोबर मीही वर पाहिलं. माथ्यावर अक्का होती. एक नाही, चाळीस. तोच जरा वाकडा ओठ, तीच हनुवटी पुढे काढून बघायची सवय. त्याने मूळ मातीचं डोकं उतरवून तिचं बसवलं होतं, आणि एवढ्या उंचीवर चढून चेहरा कोणाचा ते तपासणारं कोणी नव्हतं. मी भर गर्दीत रडलो, आणि त्या दिवशी त्याला माफही केलं.

आईला मी पत्र लिहिलं, की तुझी लेक राजवाड्यावर चाळीस वेळा उभी आहे आणि लाखो लोक मान वर करून तिला बघतात. आईने पाद्रीबाबांकडून उत्तर लिहवून घेतलं. "चाळीस मला नकोत. एक पाठव. मरायच्या आधी तिचा चेहरा मला हातात धरायचा आहे."

शरद ऋतूत जत्रा संपली. हिवाळ्यात प्लास्टर तडकलं, हारांचे तुकडे खाली पडू लागले. महाल पाडायचे असं ठरलं, तेव्हा आम्ही पहारेकऱ्याला गाठलं.

तो हसला. "घेऊन जा की. हवं तर चाळीसही न्या. बायकांचा एवढा सोस?"

"एकच पुरे," आदेल्मो म्हणाला.

आम्ही वर चढलो. त्यातल्या त्यात धड असलेलं एक डोकं करवतीने कापलं, पोत्यात घातलं आणि दोरीने खाली सोडलं. गवतावर पोतं सोडवलं, आणि मी दोन पावलं मागे सरलो.

डोळ्यांच्या जागी मूठ जाईल असे खड्डे होते. नाक सुजलेलं, ओठांत बोटभर चिरा, कपाळ पुढे झुकलेलं. रोगाने खाल्लेल्या बाईचा चेहरा होता तो.

"दाजी, ही कोण?"

आदेल्मो गुडघ्यावर बसला होता. "उंचीवर जायचं म्हणून डोळे खणावे लागतात," तो हळू म्हणाला. "नाहीतर खालून सपाट दिसतं. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"घडवतानाही मला ती खालूनच दिसत होती रे."

घराच्या मागच्या अंगणात त्याने ते डोकं ठेवलं आणि शेजारी नवी माती घेऊन बसला. आठ दिवस. लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. प्रत्येक वेळी मातीत तीच खड्ड्यांची बाई यायची. नवव्या दिवशी त्याने विचारलं, "नेल्लो, तिला खळी कुठल्या गालावर पडायची?"

मला आठवेना. तिच्या कडेवर वाढलेला मी. डोळे मिटले की मलाही माथ्यावरची बाईच दिसायची.

"डाव्या," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"नक्की?"

"बहीण माझी होती का तुमची?"

त्याने चाकू खाली ठेवला. मग जे केलं ते मी केलं, त्यात त्याचा दोष नाही. आमच्या गल्लीत गावाकडचा एक जण मूर्ती ओतायचा. त्याच्याकडून संत लूसियाची एक मूर्ती आणली; ही संत आपले काढलेले डोळे ताटलीत घेऊन उभी असते. हातातली डोळ्यांची ताटली तासून टाकली, केस काळे रंगवले, ओठ जरासा वाकडा केला, डाव्या गालावर खळी पाडली.

"आईला फसवू नकोस," आदेल्मो म्हणाला.

"म्हातारीचे डोळे अधू झालेत. तिला धरायला काहीतरी हवं. तुमच्याकडे आहे काही?"

गावी निघालेल्या माणसाबरोबर मी मूर्ती पाठवली.

जुलैमध्ये तो महाल जळाला. उरलेल्या एकोणचाळीस जणी त्यात गेल्या. लोक म्हणे ती आग बघायलाही जत्रेसारखे जमले होते. आम्ही गेलो नाही. अंगणातलं डोकं पावसात भिजून फुगत होतं, तागाचे धागे बाहेर आले होते.

सप्टेंबरात आईचं पत्र आलं. आदेल्मोला वाचता यायचं नाही, म्हणून मी मोठ्याने वाचलं. वाचायला सुरुवात केल्यावर थांबता येईना.

"नेल्लो, मूर्ती पोचली. ही आपल्या खालच्या आळीतल्या साच्याची लूसिया आहे. तिच्या डाव्या कानामागे साचा सरकलेला आहे, तिथे बोट अडतं. हिचे डोळे मी बाराव्या वर्षापासून रंगवले, हजार तरी रंगवले असतील. मला दिसत नसलं तरी बोटं आहेत. माझ्या लेकीचा चेहरा तुम्हा दोघांकडे नसेल तर तसं लिहायचं होतं. आणि चेझीराला खळी उजव्या गालावर पडायची. आता काही पाठवू नकोस."

मी कागदाची घडी घातली. आदेल्मोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"उजव्या," तो म्हणाला.

चाकू घेऊन तो अंगणात गेला. त्या फुगलेल्या डोक्यासमोर बसला आणि उजव्या गालावर खळी कोरू लागला. खोल कोरत होता, उंचीवर जायचं असल्यासारखी. ओलं प्लास्टर धरेना, कडा ढासळत होत्या. मी दारातून म्हणालो, "दाजी, उठा आता."

"अर्धा तास थांब," तो म्हणाला.