तीन रेघांचे ओझे

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो. पायात रुततो तो नव्हे, वजन करतो तो. माझी तबकडी घड्याळासारखी गोल आहे. तिच्यावर वीस-वीस ग्रॅमच्या बारीक रेघा आहेत आणि त्यांवरून फिरणारी एक लाल सुई आहे. डोक्यावर पत्र्याचे पसरट ताट आहे. माझ्या मनाला एक टोचणी लागली आहे आणि ती तुम्हांला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तरुणपणी मी पोस्टाच्या खिडकीत बसत असे. कुणाच्या लेकीला धाडलेले स्वेटर, कुणाच्या भावाची पुस्तके, सगळ्यांचे ओझे मी डोक्यावर घेतले. पुढे विजेवर चालणारा काटा आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. पाच वर्षे मी तिथे धूळ खात पडलो होतो. मग पोस्टमास्तरांचे मांजर आजारी पडले. गावाच्या टोकाला असलेल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात ते बरे झाले, आणि उपकारांची थोडीशी फेड म्हणून मास्तरांनी मला तिथे देऊन टाकले.

खरे सांगतो, पार्सल गप्प बसते, मांजराचे पिल्लू बसत नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या अंगावर इतके ओरखडे उठले की मला पोस्टाची आठवण येऊन रडूच आले. पण हळूहळू त्या खोलीचा लळा लागला. टाकून दिलेली कुत्री तिथे येत आणि नवे घर मिळाले की शेपटी हलवत जात. तारेला धडकलेली घार येई, जाळ्यात अडकलेले कासव येई. रविवारी लस फुकट असे, तेव्हा दाराबाहेर रांग लागे आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे शेजारी आपापली कुत्री सांभाळत गप्पा मारत. औषध किती द्यायचे ते वजनावर ठरते, म्हणून प्रत्येक जीव आधी माझ्यापाशी येई. डॉक्टरबाई म्हणत, "आधी काट्याला विचारा. तो खोटं बोलत नाही." माझी छाती अशी फुगे की विचारू नका.

तिथे काम करणाऱ्या मावशी दर सोमवारी माझी परीक्षा घेत. त्यांनी एक किलो मीठ कापडी पिशवीत शिवून ठेवले होते. ती पिशवी माझ्यावर ठेवायची आणि सुई एक किलोवर आली नाही तर माझ्या पाठीमागचा स्क्रू फिरवून ती आणायची, अशी त्यांची पद्धत होती. पिशवी टेबलाखालच्या फळीवर असे. त्याच खोलीत एक लंगडी बकरी मोकळी हिंडत असे. प्रत्येक कोपरा हुंगून बघण्याच्या सवयीमुळे तिचे नाव पडले होते इन्स्पेक्टर. बकरीला मीठ किती आवडते, हे मी तुम्हांला सांगायला नको. इन्स्पेक्टर रोज दुपारी ती पिशवी चाटत असे. रात्रीतून कापड वाळून जाई आणि कुणाला पत्ता लागत नसे. मी मात्र सगळे पाहत होतो.

त्याच सुमाराला रस्त्यापलीकडच्या बेकरीवाल्या आजी पदरात काहीतरी काळेकुट्ट घेऊन आल्या. भट्टीच्या धुराड्यातून पडलेले घुबडाचे पिल्लू होते ते. मावशींनी तिचे नाव ठेवले काजळी. आजी आधी निवाऱ्यावर नाराज असत. "तुमची कुत्री भुंकून भुंकून डोकं उठवतात," असे म्हणत. आता त्या रोज काजळीला बघायला येऊ लागल्या. एकट्याच राहत होत्या, त्यांनाही कुणीतरी हवे होते.

डॉक्टरबाईंचा नियम पक्का होता. लागोपाठ तीन दिवस तीनशे ग्रॅम भरल्याशिवाय काजळीला सोडायचे नाही. सुरुवातीला शिकार साधत नाही, तेव्हा अंगावरचे मांसच कामी येते. त्याहून हलकी असली तर ती उपाशी मरेल.

एका सोमवारी पिशवी एक रेघ कमी भरली. "वय झालं रे तुझं," मावशी म्हणाल्या आणि स्क्रू फिरवून सुई पुढे सरकवली. पुढच्या सोमवारी आणखी एक रेघ, तिसऱ्या सोमवारी तिसरी. "अजून बिघडला तर भंगारात देऊन टाका," डॉक्टरबाई बोलून गेल्या. आता रिकामा असतानाही माझी सुई शून्याच्या तीन रेघा पुढे उभी राही. पण रिकाम्या काट्याकडे कोण बघतो? कुणाची नजर गेलीच तर वाटे, धूळ बसू नये म्हणून एरवी वर अंथरलेला टॉवेल जाड असेल.

पूर्वी एकदा माझी सुई अडकली होती, तेव्हा सगळ्यांनी मला उघडून पाहिले होते. तशीच ती मी मुद्दाम पुन्हा अडकू दिली असती तर? भंगाराच्या भीतीने मी मूग गिळून गप्प बसलो. शिवाय सुई तीनशेवर आली तेव्हा आजींनी टाळ्या वाजवल्या आणि मला त्या गोड लागल्या. काजळी वाढलीच नव्हती, मित्रांनो. वाढले होते ते माझे खोटे.

तीन दिवस सुई तीनशेवर राहिली. चौथ्या संध्याकाळी खिडकी उघडली आणि काजळी उडाली. आजी कितीतरी वेळ हात हलवत उभ्या होत्या.

तीन दिवसांनी सकाळी आजी तिला पुन्हा पदरात घेऊन आल्या. ती बेकरीच्या भिंतीशी पडलेली होती. डॉक्टरबाईंनी तिला माझ्यावर ठेवले. मी दोनशे चाळीस दाखवले.

"दोनशे चाळीस? हाताला तर नुसतं हाड लागतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यांनी ऊब दिली, नळीने अन्न दिले, जे जमेल ते सगळे केले. दुपारी काजळी गेली.

मावशी खाली मान घालून म्हणाल्या, "माझंच चुकलं. मीच वजन लिहिलं, मीच घाई केली." त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. आणि मी, सगळे ठाऊक असलेला मी, तसाच उभा होतो.

आजी पाणी आणायला उठल्या तेव्हा त्यांच्या पायाला ती पिशवी लागली. त्यांनी ती उचलली आणि नुसती हातावर तोलली. चाळीस वर्षे पीठ मोजलेला हात होता तो.

"हे काय आहे ग?"

"एक किलो मीठ, आजी. काटा तपासायला."

"हा किलो नाही. भरत नाही तेवढा."

तेवढ्यात इन्स्पेक्टर आली आणि आजींच्या हातातली पिशवी खुशाल चाटू लागली. एरवी सगळे हसले असते. डॉक्टरबाईंनी टॉवेल झटक्यात काढला आणि ताट रिकामे असताना माझी तबकडी पाहिली. टॉवेल नव्हता, तरी सुई शून्याच्या पुढेच होती. त्यांनी बोटाने रेघा मोजल्या. एक, दोन, तीन.

"आपण तिला दोनशे चाळीसवरच सोडलं," त्या हळूच म्हणाल्या.

मला वाटले, आता भंगार. आणि खरे सांगतो, मला ते हवेच होते. पण मावशी आडव्या आल्या. "नका देऊ त्याला. तो रोज तीन रेघा पुढे उभा होता. मीच कधी बघितलं नाही." त्यांच्या त्या शब्दांनी मला जेवढी लाज वाटली तेवढी भंगारातही वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी आजींनी बेकरीतले लोखंडी किलोचे वजन आणून माझ्याशेजारी ठेवले. "मीठ विरघळतं बाई, हे नाही विरघळत," एवढेच म्हणाल्या. आता त्या रोज सकाळी येऊन नव्या पिल्लांना भरवतात.

मित्रांनो, तुमच्या घरी मुका जीव असेल तर त्याच्या ताटलीकडे बघता तसे रोज त्याच्याकडेही बघा, हात लावून बघा. आणि माझ्यासारखे कुणी तुमच्यात असेल, ओरडा बसेल म्हणून चूक लपवणारे, तर त्याने लगेच बोलावे. मला तोंड नव्हते, तुम्हांला आहे.

आता प्रत्येक वजनाआधी मावशी ताट रिकामे असतानाच खाली वाकून माझी तबकडी पाहतात आणि म्हणतात, "शून्य. ठीक आहे." त्या निर्धास्त होऊन पुढच्या जिवाला उचलायला वळतात. माझ्यावर तेव्हा काहीच नसते, तरी काजळीचे ते साठ ग्रॅम मला रोज जाणवतात.