लांबलेलं गाऱ्हाणं

मी गोष्ट वाढवून सांगतो, अशी आमच्या वाड्यावर तक्रार आहे. ही मात्र वाढवलेली नाही. उलट थोडी कापलीच आहे.

गोवा राज्य झालं, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. नवा कायदा आला: वाहत्या झरीपासून दोनशे पावलांत खाण नको. शिरगावच्या वरच्या अंगाला आमची झर. शेवंतीची पोफळीची बाग तिच्यावर, वाड्याचं पिणं तिच्यावर. चाळीस पावलांवर खाणीचा खड्डा. झर जिवंत ठरली तर खड्डा बंद. मेलेली ठरली तर आम्ही मेलो. आणि तपासणीच्या दिवशी पहाटेपासून खड्ड्यात पंप लावून खाणवाल्यांनी झर कोरडी पाडली होती.

तपासणीला आलेल्या रेश्मा मॅडम घड्याळ बघून म्हणाल्या, "बाराला पंचनामा बंद करणार. वाहते असं डोळ्यांनी दिसलं पाहिजे. काल वाहत होती, हे मला लिहिता येत नाही."

"मग पंप बंद करायला लावा गो बाये!" शेवंती कळवळली.

"पंप थांबला तर कड कोसळेल," खाणीचा मॅनेजर प्रवीण म्हणाला. "जबाबदारी कोण घेणार?"

मॅडमनी पुन्हा घड्याळ बघितलं. साडेअकरा झाले होते.

पंपावर भिकाजी होता, सावंतवाडीकडचा. शिगम्यात, म्हणजे आमच्या होळीत, मी एकेका देवाला हाक मारून वाड्याचं गाऱ्हाणं घालू लागलो की हा पंप बंद करून हात जोडायचा. इंजिनाच्या आवाजात मागणं देवाला ऐकू जात नाही, असं त्याच्या आजानं सांगितलेलं.

मी टोपी काढली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडा ओरडला.

पंप थांबला. वरून भिकाजीचाही आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

"भिकाजी! चालू कर!" प्रवीण खालून ओरडला.

"गाऱ्हाणा चालला हा, सायबा. मधी हात लावूचो नाय."

मी गावच्या लईराई मातेपासून सुरुवात केली. सीमेवरचे देव झाले, वेशीवरचे झाले, तळ्याकाठचे झाले. पावणेबारा. झर कोरडीच. माझे देव संपले.

"सगुणआबा, आणखी!" शेवंती कुजबुजली.

आता थांबलो तर पंप सुरू. मी देव घडवायला लागलो.

"कातळावरल्या लंगड्या देवा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोफळीच्या शेंड्यावरल्या बारक्या देवा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रवीण स्वतःच पंपाकडे चढू लागला. भिकाजी आडवा झाला. बाराला तीन मिनिटं. झरीतली माती काळी पडली, एक बुडबुडा आला, मग बोटभर धार. तिच्यावर स्वार होऊन खेकडा बाहेर आला, शपथ घेतो.

मॅडमनी चपला काढल्या, पाण्यात पाय घातला आणि उभ्याउभ्या लिहिलं: झर वाहती.

खड्डा बंद झाला. भिकाजीची नोकरी गेली. आता शेवंतीच्या बागेला पाणी तोच सोडतो. पण लंगड्या देवाला त्यानं कातळावर दगड मांडला आहे, आणि दर शिगम्याला माझ्याकडून नारळ घेऊन जातो. देतो मुकाट्यानं. न देऊन त्याला काय सांगू?