मधला खांब

मंजुळाने रंग खरवडायचा पत्रा खांबाला लावून जोरात वर ढकलला, तशी हिरव्या रंगाची लांब साल सुटून तिच्या पायांशी पडली.

ओटीचे बाकीचे खांब तिने कालच उघडे केले होते. कोलशेतच्या खाडीवरचं खारं वारं इतकी वर्षं खाऊनही रंगाखाली सागवान चांगलं निघालं होतं. मुलीचा, ऐश्वर्याचा, साखरपुडा याच ओटीवर व्हायचा होता. त्याआधी काचपेपर मारून वॉर्निशचा हात फिरवायचा, एवढंच तिच्या मनात होतं. राहिला होता तो मधला खांब.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा आत मधोमध भिंत उठली, पण ओटीवरचा हा खांब कुणाच्याच वाट्याला पुरता आला नाही. तिच्या नवऱ्याने, सहदेवने, आपली अर्धी बाजू हिरवी रंगवली. धाकट्या भावाने, राघोने, आपली तपकिरी; मधे उभी रेघ उरली. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. सहदेव गेला त्या दिवशी राघो स्मशानात लांब उभा राहिला आणि तसाच परत फिरला.

"रेघेच्या अलीकडेच राहायचं," राघो म्हणाला. आपल्या बाजूच्या खुर्चीत तो पेपर वाचत बसला होता. मान त्याने वर केली नाही.

मंजुळा पत्रा चालवत राहिली. रेघेपाशी रंग फुगला होता. तिने तिथे पत्रा टेकवून जरा जोर दिला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. आत लाकूड नव्हतंच. रंगाच्या थरांमागे ओलसर माती होती, आणि तिच्यात वाळवी वळवळत होती.

वर तुळई करकरली.

"भावोजी, उठा तिथून."

"का म्हणून? खांब माझापण आहे."

"खांब पोकळ झालाय. उठा म्हणते ना!"

"साखरपुड्याला जागा पाहिजे, असं सरळ सांगा की."

एक कौल घसरून खुर्चीच्या पायाशी फुटलं. राघो उठला, पण हलला नाही. वर बघत तिथेच थिजला. खांब त्याच्याच बाजूला कलत होता. मंजुळाने पत्रा टाकला, त्याच्या ओटीवर गेली आणि खांबाला खांदा लावला. तुळईचा भार तिला पार टाचेपर्यंत जाणवला.

"बघत काय राहिलात!"

तेव्हा कुठे राघो भानावर आला. त्याने शेजारी खांदा लावला. आता दोघांनाही सोडता येईना.

ऐश्वर्या आवाजाने दारात आली.

"बाहेर येऊ नकोस!" मंजुळा ओरडली. "मागच्या दाराने जा. शेजारच्या टॉवरच्या बांधकामावरची माणसं आण, लोखंडी टेकू घेऊन. पळ!"

ती पळाली. ओटीवर दोघांचे श्वास तेवढे ऐकू येत राहिले.

"वहिनी, तुमचा खांदा घसरतोय."

"तुमचाही."

मग राघोने तिच्याकडे न बघता विचारलं, "दादा हॉस्पिटलात होता तेव्हा... माझं नाव काढलेलं त्याने?"

तिनेच सहदेवला विचारलं होतं, राघोला बोलावू का. त्याने काही न बोलता भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. नंतर तो कुणाशीच बोलला नाही.

पोकळीतली माती तिच्या मानेवर झरत होती.

"काढलेलं," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

गल्लीच्या टोकाला ऐश्वर्या दिसली. तिच्यामागून माणसं टेकू घेऊन धावत येत होती. मंजुळाने कोरडे ओठ जिभेने ओले केले.

"म्हणाले, राघो जेवला का बघ. वेळेवर जेवत नाही तो."



माणसांनी तुळईखाली टेकू उभे केले, ठोकून घट्ट केले. मंजुळा खांदा चोळत बाजूला झाली. राघो मात्र तसाच उभा होता, खरवडलेल्या खांबावर कपाळ टेकून.

"काका, सोडा आता. टेकू लागले," ऐश्वर्या म्हणाली. तो हलला नाही, तशी ती त्याचा दंड धरायला पुढे झाली.

मंजुळाने हात आडवा घालून तिला थांबवलं.