शेवटच्या राशीचं मीठ

"मिठासमोर माणूस खोटं बोलत नाही," हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळत यशवंतराव शिलोत्री गंभीरपणे म्हणाले. तेवढ्यात काउंटरवरच्या बाईनं फॉर्मवरची नजर न उचलता विचारलं, "ब्लड प्रेशर?" त्यांनी तितक्याच गंभीरपणे मान हलवून सांगितलं, "नो."

अश्लेषानं वडिलांच्या हातातून फॉर्म घेतला आणि 'हो'च्या चौकोनात फुली मारली.

"बाबा, सकाळी मीच गोळी दिली तुम्हाला."

"ती जमिनीवरची गोष्ट. आता आपण खाली चाललोय."

पुष्कर, म्हणजे अश्लेषाचा नवरा, शेजारीच निळा डगला चढवत उभा होता. तो हसला नाही. त्याचं लक्ष सासऱ्यांच्या डगल्याच्या उजव्या खिशाकडे होतं. खिसा फुगलेला होता. आत काय आहे ते पुष्करला गाडीतच कळलं होतं, आणि तेव्हापासून जर्मनीतल्या त्यांच्या झिंडेलफिंगेन गावापासून इथवरचा दीड तास त्यानं नेहमीपेक्षा हळू गाडी चालवली होती.

"कुणाच्या घरी जायचं तर रिकाम्या हातानं जाऊ नये, पुष्करराव," यशवंतराव मागच्या सीटवरून म्हणाले होते. "थोडं आपलं मीठ घेतलंय बरोबर."

"खाणीला मीठ, बाबा?"

"मग काय पेढे नेऊ?"

ही मिठाची खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. वीसेक किलोमीटरवर त्याच कंपनीची दुसरी खाण अजून चालू होती. या जुन्या खाणीत मात्र आता लोक मीठ काढायला नव्हे, हुंगायला येत. खाली एका दालनात आडव्या खुर्च्या मांडल्या होत्या. तासभर पडून खारट हवा घेतली की खोकला, दमा, ताण आणि माहितीपत्रकाच्या मागच्या पानावरच्या आणखी बऱ्याच गोष्टी बऱ्या होत होत्या. यशवंतरावांना नाताळात आल्यापासून खोकला होता. अश्लेषानं तारीख घेतली. घरात तिनं वडिलांसाठी पापड बंद केला होता, लोणच्याची बरणी फडताळात वरच्या कप्प्यात नेली होती आणि आमटी तर अशी करत होती, की यशवंतराव तिला 'तीर्थ' म्हणायचे.

"तोंडानं मीठ खायचं नाही आणि नाकानं खायला दीड तास गाडी," ते म्हणाले. "छान आहे तुमचं शास्त्र."

पण आले. पुढच्या आठवड्यात त्यांचं परतीचं विमान होतं, आणि मिठाच्या खाणीला नाही म्हणणं त्यांच्या आडनावाला शोभलं नसतं. उरणच्या खाडीकाठी शिलोत्र्यांचं मिठागर होतं. आजोबांचं, मग वडिलांचं, मग यशवंतरावांचं. अकरा वर्षांपूर्वी ते बंद झालं, भराव पडला, आणि आता तिथं रंगीत कंटेनर एकावर एक उभे असतात. बंद झालं त्या उन्हाळ्यात यशवंतरावांनी शेवटच्या राशीतलं अर्धा किलो मीठ काचेच्या बरणीत भरून ठेवलं. लेकीनं झिंडेलफिंगेनला फ्लॅट घेतला तेव्हा ते ती बरणी सामानात स्वेटरमध्ये गुंडाळून घेऊन आले. नव्या घरात आधी मीठ न्यायचं असतं. घर सप्टेंबरात घेतलेलं, मीठ डिसेंबरात पोचलं. पण व्हिसा ही काही मुहूर्त बघून मिळणारी गोष्ट नाही. बरणी देवाच्या फळीवर गेली.

जानेवारीच्या मध्यावर, सकाळी पावणेसातला, पुष्करनं ती रिकामी केली.

त्यात वाईट हेतू काही नव्हता. त्यांच्या इमारतीत केअरवोखे पाळतात: दर आठवड्याला एका घरानं जिना झाडायचा, दारासमोरचा रस्ता झाडायचा आणि हिवाळ्यात सातच्या आत बाहेरच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा. त्या आठवड्यात पाळी आपली, या हिशेबानं पुष्कर उठला होता. त्या रात्री पाऊस पडून वर गोठला होता. पायऱ्या आरशासारख्या. पहिल्या मजल्यावरच्या फ्राउ हेबरले सात वाजता पाव आणायला निघतात, वय ब्याऐंशी. पुष्कर व्यवसायानं गाड्यांच्या ब्रेकचा माणूस. घसरणं म्हणजे काय हे त्याला आकड्यांत ठाऊक होतं. बर्फावर टाकायच्या खडीची बादली गोठून दगड झालेली. तो वर धावला, अर्धवट झोपेत फळीवर हात घातला आणि हाताला बरणी लागली. आत करडं, जाडं, ओबडधोबड मीठ. ते खाण्याचं असेल असं त्याला वाटलंच नाही. पुण्यात त्याच्या घरी मीठ पांढरं आणि बारीक असायचं.

शेवटची मूठ टाकून झाली तेव्हा बरणीच्या तळातून वास आला. चिखलाचा, खाडीचा. मग त्याला जाग आली.

संध्याकाळी त्यानं सुपरमार्केटातून जाडं मीठ आणलं. ते फार पांढरं निघालं. त्यात उदबत्तीची राख घालून त्यानं रंग जुळवला, बरणी भरली, जागेवर ठेवली. अश्लेषाला सांगितलं नाही. सांगणार होता, पण सांगायची म्हणून एक वेळ असते, ती त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाबरोबर टळली. नंतर नुसते दिवस जात राहिले. सात आठवडे.

लिफ्ट खाली थांबली. दार उघडलं तसा एक उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा पुढं आला. "ग्ल्युक आउफ!" खाणकामगारांचा हा नमस्कार करत त्यानं प्रत्येकाशी हात मिळवला. नाव हेर राइनहार्ट. याच खाणीत सव्वीस वर्षं काम केलेलं, आता आठवड्यातून तीन दिवस पाहुण्यांना फिरवायचं. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, की या भिंतींमध्ये कोट्यवधी वर्षांची शांतता आहे. त्यानंतर त्यानं एक बटण दाबलं आणि बासरी सुरू झाली.

दालनात निळा उजेड होता. वीस-पंचवीस माणसं पांघरुणं हनुवटीपर्यंत ओढून पडली होती, ऑपरेशनला नंबर लागल्यासारखी.

"दीर्घ श्वास घ्या बाबा," अश्लेषा कुजबुजली. "काही बोलू नका. विचारही करू नका." पाचव्या मिनिटाला ती स्वतःच घोरू लागली. तिच्या ऑफिसात त्या महिन्यात नवी प्रणाली बसत होती.

यशवंतराव थोडा वेळ पडून राहिले. मग उठून भिंतीपाशी गेले आणि तिच्यावरून तळवा फिरवला. गुलाबी, करडे पट्टे, दिव्याखाली चमकणारे.

"कोरडी आहे हो," ते पुष्करला म्हणाले. "पाणी नाही, ऊन नाही. आयतंच. आमच्याकडे भरतीचं पाणी घ्यायचं, कोंड्यांमध्ये, म्हणजे मिठाच्या वाफ्यांत, फिरवायचं, आटवायचं, वाट बघायची. एप्रिलात दुपारी कोंडीत उभं राहिलं तर खालून-वरून ऊन. डोळे मिटले तरी पांढरं दिसायचं. माझा बाप दाणा दाताखाली धरायचा. कट् वाजलं की म्हणायचा, ओढा मीठ."

"आणि नाही वाजलं तर?"

"तर आम्हाला शिव्या. दाण्याला कोण देणार?"

बोलणं ऐकून हेर राइनहार्ट जवळ आला. पुष्करनं दबक्या आवाजात सांगितलं, की यांचं मिठागर होतं, समुद्राच्या काठी. म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. त्यानं दोघांना बाजूच्या बोगद्यात नेलं, जिथं बासरी पोचत नव्हती. तिथं जुनी फावडी, कंदील, एक लाकडी बाक. त्यानं कोनाड्यातून मिठाचा काचेसारखा खडा उचलला आणि तळहातावर ठेवून यशवंतरावांपुढं धरला.

यशवंतरावांनी हात मागे घेतला.

राइनहार्टचा हात तसाच राहिला. त्यानं पुष्करकडे पाहिलं.

"बाबा, भेट देतायत ते."

"हो, पण हातावर मीठ घेत नाहीत. भांडण होतं. आत्ता ओळख झाली, लगेच कशाला? खाली ठेवायला सांगा."

पुष्करनं सांगितलं. जर्मनमध्ये ते सात-आठ वाक्यांचं झालं आणि मधे एक सबबही आली. राइनहार्टनं मान डोलावली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "आम्ही खाली शिट्टी वाजवत नाही. कधीच." त्यानं खडा बाकावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला. यशवंतरावांनी पुढं होऊन तो उचलला, कपाळाला लावला, खिशात टाकला. मग त्याच खिशातून पुडी काढली, बाकावर ठेवली आणि तेही दोन पावलं मागे सरकले.

"सांगा त्यांना. शेवटच्या राशीचं आहे."

पुष्करनं सांगितलं. हे एक वाक्य त्याला फार जड गेलं.

राइनहार्टनं पुडी उलगडली. चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. उघडले. पुन्हा चिमूट घेतली. मग तो पुष्करकडे वळून हळूच म्हणाला, हे समुद्राचं नाही. खाणीतलं आहे. बहुतेक आमच्याच दुसऱ्या खाणीतलं, आम्ही दुकानांना पुरवतो ते. आणि याला धुराचा वास कसला येतोय?

"काय म्हणतायत?" यशवंतरावांनी विचारलं.

कुठंतरी लांब बासरी थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"म्हणतायत, समुद्राची चव आहे," पुष्कर म्हणाला. "स्पष्ट कळते म्हणतात."

"असं?"

"हो."

यशवंतरावांनी पुढं वाकून पुडीतला एक दाणा घेतला आणि दाताखाली धरला. तीन महिन्यांत त्यांच्या तोंडात गेलेलं हे पहिलं सरळ मीठ. कट् वाजलं, पुष्करलाही ऐकू आलं. मग राइनहार्टकडे पाहून त्यांनी हात जोडले. राइनहार्टनं एकदा पुष्करकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पुडी पुन्हा नीट मिटून कोनाड्यात ठेवली, खड्याच्या रिकाम्या जागी.

"आल्झो, तर मग," तो म्हणाला, "ग्ल्युक आउफ." आणि दालनातल्या लोकांना उठवायला निघून गेला.

परत वर जाताना अश्लेषा ताजीतवानी होती. फार फरक वाटतोय म्हणाली. वर आल्यावर ती वस्तूंच्या दुकानात शिरली. यशवंतराव आणि पुष्कर बाहेर उन्हात बाकावर बसले. मार्चचं ऊन, नावापुरतं.

"पुष्करराव."

"अं?"

"पायऱ्यांवरचा बर्फ वितळला होता का?"

समोरच्या पार्किंगमध्ये एक बस वळत होती. ती पूर्ण वळेपर्यंत पुष्कर तिच्याकडे बघत राहिला.

"वितळला," तो म्हणाला.

"किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं. त्याहून कमीच."

"मग मीठ चांगलं होतं."

"बाबा, मी..."

"खिडकीतून बघत होतो मी. पहाटे पाचपासून जागाच असतो. आधी वाटलं खाली येऊन थांबवावं. पण पायात नुसते मोजे. आणि दोन मजले उतरेपर्यंत तुम्ही अर्धी बरणी संपवली असतीत." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत ते हाताचा पंजा वर धरून राहिले. "हात मात्र चांगला आहे तुमचा. सगळीकडे सारखं पडत होतं. जावई हाताला सरळ आहे, मनात म्हटलं."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून. मग बघितलं तर बरणी भरलेली. आमचं मीठ हवेनं ओलं होतं, घाम फुटल्यासारखं. हे सात आठवडे ठणठणीत कोरडं. वर उदबत्तीचा वास." ते हसले. "देवाच्या फळीवर पाहुणा बसवलात. म्हटलं, जाता जाता त्याला त्याच्या घरी पोचवून येऊ."

पुष्करनं मान खाली घातली. यशवंतरावांनी खिशातून तो काचेसारखा खडा काढला, उन्हात धरून पाहिला. पुष्करच्या हातात देणार होते, पण आठवण झाली. त्यांनी तो दोघांच्या मधे बाकावर ठेवला.

"हा ठेवा बरणीत. आणि अश्लेषाला सांगू नका. तिला वाटतं शेवटची रास तिच्या घरात आहे."

"पण ती आहे कुठं आता?"

"पायऱ्यांवर. उंबऱ्याच्या बाहेर, पण घरीच की."

पुष्करनं खडा उचलला. अश्लेषा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दुकानातून बाहेर आली. एका पिशवीत वडिलांसाठी मिठाचा दिवा होता, दुसऱ्या पिशवीत अंघोळीचं मीठ.

पुढच्या आठवड्यात यशवंतरावांना विमानतळावर सोडून पुष्कर परतला, तेव्हा जिन्याखालच्या फळ्यापाशी थांबला. मार्चमधली आपली पाळी कधी ते त्याला बघायचं होतं. यादी वर्षाच्या आठवड्यांच्या आकड्यांनुसार होती. त्यानं बोटानं ओळ वर नेत जानेवारीही तपासला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की पायऱ्यांवर मीठ टाकायला मनाई आहे. आणि तिसरा आठवडा, म्हणजे त्या गोठलेल्या सकाळचा, त्याचा नव्हताच; फ्राउ हेबरले यांचा होता.